प्रक्षेपित प्रतिमेचे आकारमान व प्रमाण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास, पुरातत्त्व, भूगोल आणि कला या विषयांच्या अध्यापनात पडद्यावरील चित्र हे आज पाठ्यपुस्तकाइतकेच रुळलेले साधन झाले आहे. तथापि या साधनाची चिकित्सा पाठ्यपुस्तकाइतक्या गांभीर्याने झालेली दिसत नाही. पुस्तकातील एखादे साल चुकले तर अध्यापक ते दुरुस्त करतो. पडद्यावरील मूर्ती आडवी फुगलेली असली तर मात्र वर्गात कोणीच काही बोलत नाही.

एक साधे उदाहरण पाहता येईल. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली कांस्य नर्तिका अवघी १०.५ सेंटिमीटर उंच आहे. घारापुरीच्या लेण्यातील सदाशिवाची मूर्ती सुमारे ५.५ मीटर उंच आहे. म्हणजे दुसरी कृती पहिलीच्या पन्नास पटींहून अधिक मोठी होय. परंतु प्राचीन भारतीय शिल्पकलेवरील व्याख्यानात या दोन्ही एकामागून एक येतात, तेव्हा त्या पडद्याची सारखीच उंची व्यापतात. ज्या विद्यार्थ्याने दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालयही पाहिले नाही आणि घारापुरीची होडीही पकडली नाही, त्याच्या मनात या दोन मूर्ती कायमच्या समान उंचीच्या होऊन बसतात. त्यातच नर्तिकेचे छायाचित्र रुंद पडद्यावर ताणून बसविलेले असेल, तर तिचा सडपातळ बांधाही हरवतो.

येथे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. वस्तूचे खरे आकारमान न कळणे हा पहिला, आणि तिच्या उंची-रुंदीचे परस्पर प्रमाण बिघडणे हा दुसरा. व्यवहारात दोहोंनाही ‘चित्र नीट आले नाही’ असे म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः दोहोंचा इतिहास भिन्न आहे. पहिला दोष प्रक्षेपणाच्या तंत्रातच आहे व तो साडेतीनशे वर्षे जुना आहे. दुसरा दोष मोठ्या प्रमाणावर संगणकाबरोबर आला असून तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. या भेदाचा प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

जादूचा कंदील आणि वाढणारी प्रतिमा :

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याच्या १६५९ च्या कागदपत्रांत कंदिलाने भिंतीवर पाडावयाच्या सांगाड्यांच्या आकृत्या आढळतात. अथानासियस किर्खर याने आपल्या प्रकाशविषयक ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत या कंदिलाचे चित्र छापले. त्यात चित्रित काच भिंगाच्या मागे असावयाची ती भिंगाच्या पुढे दाखविली आहे. प्रतिमा उलटी पडते, म्हणून काच उलटी ठेवावी लागते, याचाही त्या चित्रात मागमूस नाही. प्रक्षेपणाच्या उपकरणाचे हे सुप्रसिद्ध चित्रच सदोष निघावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या यंत्राची मोहिनी मुळात आकारमानाच्या अस्थिरतेतच होती. कंदील पडद्यापासून जितका दूर न्यावा तितकी प्रतिमा मोठी होते. रॉबर्टसन या नावाने गाजलेल्या प्रयोगकर्त्याने १७९८ पासून पॅरिसमध्ये भुताखेतांचे खेळ केले, त्यांचे मर्म हेच होते. त्याचा कंदील चाकांवर बसविलेला असे व तो पडद्यामागे असल्यामुळे प्रेक्षकांना दिसत नसे. कंदील मागे सरकला की प्रतिमा वाढे आणि भूत अंगावर चालून येत असल्याचा भास होई. प्रतिमेला स्वतःचे असे आकारमान नसते, या गोष्टीचा त्याने व्यवसाय केला. पुढे वर्गात शिरल्यावर तीच गोष्ट अडचणीची ठरली.

महाराष्ट्रातही या कंदिलाची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. शंबरासुराच्या मायेची आठवण देणारे हे नाव मोठ्या विचाराने योजलेले दिसते. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. रामायण-महाभारतातील प्रसंग पाहणाऱ्या प्रेक्षकाला हनुमान किती फूट उंच, हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. मायेच्या खेळात आकारमानाचा हिशेब कोणी मागत नाही. पुराव्याच्या शास्त्रात तो मागावा लागतो.

मूळ आकारात प्रतिकृती : अजिंठ्याचा अनुभव :

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना आकारमानाचे महत्त्व ठाऊक नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. त्याने जवळजवळ वीस वर्षे तेथे काम करून तैलरंगांत मूळ आकाराच्या प्रतिकृती तयार केल्या. त्या लंडनला रवाना झाल्या आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा केले. त्यांतीलही अनेक कापडे साउथ केन्सिंग्टन येथील १८८५ च्या आगीत नष्ट झाली.

पुढे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला आणि जगाने अजिंठा पाहिला तो बव्हंशी पुस्तकाच्या पानाएवढा. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. लेण्यात उभा राहणारा माणूस भिंतीवरील आकृतीच्या समोर, कधी तिच्या खाली उभा असतो. पुस्तक वाचणारा तिच्याकडे वरून पाहतो. गिलने दोन दशके मूळ मापाचे कापड रंगविण्यात घालविली, कारण आकृतीचे मोठेपण हा तिच्या अर्थाचा भाग आहे हे त्याने गृहीत धरले होते. तेच गिल पुढे छायाचित्रणाकडे वळले आणि जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४ च्या शैलगृहांवरील पुस्तकात त्यांची छायाचित्रे छापली गेली. एकाच माणसाच्या हयातीत मूळ आकाराकडून तळहाताएवढ्या आकाराकडे झालेला हा प्रवास आहे.

काचेची स्लाइड आणि विद्यापीठीय व्याख्यान :

फिलाडेल्फियाच्या लांगेनहाइम बंधूंनी काचेवरील पारदर्शक छायाचित्राचे एकस्व १८५० मध्ये घेतले आणि कंदिलाला छायाचित्राची जोड मिळाली. ब्रिटनमध्ये सव्वातीन इंच चौरस ही स्लाइडची प्रमाणभूत मापे ठरली. अमेरिकेत तिची लांबी चार इंच होती. ब्रिटिश स्लाइड चौरस होती, ही बाब वरवर क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे. उभे चित्र असो वा आडवे, चौरसात दोहोंना समान जागा मिळते. उरलेली जागा काळ्या कागदाच्या पट्ट्यांनी झाकली जाई. चौकट भरण्यासाठी चित्र ताणण्याची कल्पनाही कोणाला शिवली नाही, कारण काचेवरील प्रतिमा ताणता येत नाही.

कलेतिहासाच्या अध्यापनाला यातून नवे वळण मिळाले. हाइन्रिख व्योल्फलिन हे १९०१ पासून बर्लिन विद्यापीठात शिकवीत. दोन प्रक्षेपकांनी दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवून त्यांची तुलना करण्याची पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते. आजही ‘या दोन मूर्तींची तुलना करा’ असे म्हणणारा अध्यापक नकळत त्याच परंपरेत उभा असतो. या पद्धतीने शैलीचे सूक्ष्म भेद स्पष्ट केले. परंतु तुलनेसाठी दोन्ही चित्रे सारख्या आकाराची करावी लागली आणि आकारमानाचा प्रश्न त्यामुळे आणखी मागे पडला. आंद्रे मालरो यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात छायाचित्राने कलावस्तूंचे सापेक्ष आकारमान हिरावून घेतले, हे नेमके ओळखले. बोटावरची मुद्रा आणि भिंतीवरचे उत्थितशिल्प एकाच पानावर आले की त्यांच्यात एक खोटे नाते जुळते. मालरो यांना त्यात नव्या सौंदर्यदृष्टीची शक्यता दिसली. इतिहासाच्या अध्यापकाला मात्र इतके उदार होऊन चालणार नाही.

कोडॅक कंपनीची कोडाक्रोम फिल्म १९३६ मध्ये ३५ मिलिमीटर स्थिर छायाचित्रणासाठी उपलब्ध झाली आणि काचेची जागा दोन इंच चौरस चौकटीतील रंगीत स्लाइडने घेतली. तिच्यातील प्रतिमा ३६ × २४ मिलिमीटरची असे. ती १.८ मीटर रुंद पडद्यावर टाकली म्हणजे ती पन्नास पट वाढे. चौकट येथेही चौरसच होती, त्यामुळे उभी स्लाइड उभी आणि आडवी ती आडवी राहत असे. गोल चकतीचा कॅरोसेल प्रक्षेपक १९६१ मध्ये आला आणि २००४ मध्ये कोडॅकने स्लाइड प्रक्षेपकांचे उत्पादन थांबविले. या सर्व काळात स्लाइड उलटी घातली जाई, डावे-उजवे बदले, प्रक्षेपक तिरका ठेवल्यास चौकोनाचा समलंब होई. मात्र भिंगाच्या समोर नीट बसविलेल्या स्लाइडमध्ये उंची आणि रुंदी एकाच पटीने वाढत. काचेच्या व फिल्मच्या तंत्रात प्रमाण हे अशा रीतीने निसर्गतःच सुरक्षित होते.

संगणकीय स्लाइड व ताणलेले चित्र :

रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन व त्यांचे सहकारी यांनी फोरथॉट या कंपनीत विकसित केलेले पॉवरपॉइंट एप्रिल १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले व त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती आणि तिचा मुख्य हेतू ओव्हरहेड प्रक्षेपकाच्या पारदर्शिका तयार करणे हा होता. पुढे दीर्घकाळ या प्रणालीत पडद्यासाठीची स्लाइड १० × ७.५ इंच, म्हणजे ४:३ या गुणोत्तराची राहिली. हे गुणोत्तर मूकपटाच्या काळापासून चित्रपटाचे व पुढे दूरचित्रवाणीचे होते. २०१३ च्या आवृत्तीपासून नवी स्लाइड १३.३३ × ७.५ इंच, म्हणजे १६:९ झाली. चौरस चौकटीचा काळ असा संपला. उभ्या मूर्तीला आता साडेसात इंचांपलीकडे वाढता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहते. रिकामी जागा भरून काढण्याची हौस येथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हे तंत्र आले ते प्रामुख्याने २००० नंतर. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून हजारो शिक्षक-कर्मचाऱ्यांनी स्लाइड बनविण्याचे प्राथमिक धडे घेतले. त्या धड्यांत चित्र कसे घालावे हे शिकविले गेले. चित्राच्या कडेवरील मधला ठिपका ओढला तर एकच बाजू वाढते आणि कोपऱ्याचा ठिपका ओढला तर दोन्ही बाजू सारख्या वाढतात, हा फरक बहुतेकांच्या ध्यानी राहिला नाही. जुन्या ओपनऑफिसच्या इम्प्रेसमध्ये तर कोपरा ओढतानाही शिफ्ट कळ दाबून धरावी लागे. पॉवरपॉइंटमध्ये ‘लॉक आस्पेक्ट रेशो’ ही खूण असते. ती काढून टाकून उंची व रुंदीचे आकडे स्वतंत्रपणे भरले की यंत्र निमूटपणे आज्ञा पाळते.

ताणण्याचे दुसरे कारण अधिक छुपे आहे. २०१० व त्यापूर्वीच्या पॉवरपॉइंटमध्ये ४:३ ची तयार व्याख्याने १६:९ मध्ये बदलली, की स्लाइडबरोबर त्यातील चित्रेही ताणली जात. २०१३ पासून ही प्रणाली चित्राचे प्रमाण राखते आणि स्लाइड लहान करताना आशय मोठा ठेवावा की पूर्ण मावेल असा करावा, एवढेच विचारते. इम्प्रेसमध्येही पानाचे माप बदलताना त्यातील वस्तू नव्या मापात बसवाव्यात की नाही, याचा पर्याय असतो. परंतु जुन्या आवृत्तीत एकदा ताणले गेलेले चित्र नव्या आवृत्तीत उघडल्याने आपोआप सरळ होत नाही. एकाच अध्यापकाची टिपणे वर्षानुवर्षे वापरली जातात, विभागात एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि एकदा झालेली विकृती वारशाने पुढे चालते. हस्तलिखितांच्या नकलांतील चुका ज्या रीतीने पुढे जात, त्याहून ही रीत फारशी वेगळी नाही.

तिसरे कारण स्लाइडच्या बाहेरचे आहे. १३६६ × ७६८ बिंदूंचा लॅपटॉप १०२४ × ७६८ बिंदूंच्या जुन्या प्रक्षेपकाला जोडला आणि प्रक्षेपक चित्राने पूर्ण पडदा भरण्याच्या मांडणीवर असला, तर रुंदी सुमारे एक चतुर्थांशाने आकसते. स्लाइड निर्दोष असूनही पडद्यावरील सर्व माणसे कृश दिसतात.

ही विकृती किती असते, याचा हिशेब करणे आवश्यक आहे. ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणले म्हणजे उंची तीच राहून रुंदी एक तृतीयांशाने वाढते. महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ८०० किलोमीटर व दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ७२० किलोमीटर मानला जातो. ताणलेल्या नकाशात तोच महाराष्ट्र उंचीच्या जवळपास दीडपट रुंद होतो आणि त्यावरून मोजलेले मुंबई-नागपूर अंतर व नाशिक-कोल्हापूर अंतर एकाच मापाने मोजलेले राहत नाही.

मूर्तिशास्त्रात याचा परिणाम अधिक गंभीर आहे. भारतीय शिल्पशास्त्रातील तालमान ही पद्धती मुळात सापेक्ष प्रमाणाचीच आहे. ताल म्हणजे त्या मूर्तीच्याच मुखाची लांबी. त्याचे बारा भाग म्हणजे बारा अंगुले. नवताल मूर्ती वितीएवढी असो वा पुरुषभर, तिची उंची तिच्या मुखाच्या नऊ पट भरते. म्हणजे मूर्ती लहान-मोठी केल्याने तालमान बिघडत नाही, ताणल्याने मात्र तत्काळ बिघडते. उभे अंतर नऊ ताल राहते आणि छाती, कटी व खांदे यांच्या रुंदीत एक तृतीयांश भर पडते. प्राचीन शिल्पकाराने जो नियम पाळला तो मोडण्याचे काम अध्यापकाच्या उंदराने एका क्षणात होते. अमरावतीच्या सडपातळ आकृती अशा रीतीने भरदार झाल्या, तर विद्यार्थी शैलीविषयी जे लिहील ते पडद्यावर पाहिलेल्या चित्राशी प्रामाणिकच असेल. त्या उत्तराचे गुण कापण्याचा अधिकार मग कोणाला उरतो, हा प्रश्न परीक्षकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

‘मूळ आकार’ या शब्दाचा घोटाळा :

प्रणालीतील ‘ओरिजिनल साइझ’ या शब्दप्रयोगाने आणखी एक गैरसमज पसरविला आहे. यंत्राच्या दृष्टीने मूळ आकार म्हणजे वस्तूचा आकार नव्हे. चित्रातील बिंदूंची संख्या भागिले दर इंचातील बिंदू, एवढाच त्याचा अर्थ. १६०० × १२०० बिंदूंचे चित्र दर इंचाला ७२ बिंदू या नोंदीने आले तर त्याची मूळ रुंदी २२ इंचांहून अधिक ठरते. तेच ३०० बिंदूंच्या नोंदीने आले तर ती साडेपाच इंचांहूनही कमी भरते. छायाचित्र दायमाबादच्या कांस्यरथाचे आहे की घारापुरीच्या सदाशिवाचे, याच्याशी या आकड्याचा सुतराम संबंध नाही. ते बटण दाबल्याने ताणलेले चित्र पूर्वीच्या प्रमाणात परत येते, हा त्याचा खरा उपयोग. आकारमान परत आणण्याची शक्ती कोणत्याही बटणात नाही.

मोजपट्टीची परंपरा :

आकारमानाच्या प्रश्नावर पुरातत्त्वज्ञांनी फार पूर्वी उत्तर शोधले होते. भूगोलाच्या वर्गात अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण यांतील भेद शिकविला जातो. ‘१:१०’ हे अंकप्रमाण कागदावर खरे असते, पण चित्र लहान-मोठे होताच ते खोटे ठरते. चित्रातच रेखलेली पट्टी मात्र चित्राबरोबर वाढते व खरीच राहते. सर मॉर्टिमर व्हीलर हे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्यांच्या उत्खननांच्या छायाचित्रांत खड्ड्यात उभी केलेली लाल-पांढरी मोजकाठी दिसते. डेक्कन कॉलेजच्या उत्खनन-अहवालांतही वस्तूंच्या चित्रांसोबत मोजपट्टी देण्याचा प्रघात आहे. ही शिस्त अहवालात टिकली, पण अहवालातून स्लाइडमध्ये येताना पट्टी बहुधा कापली जाते, कारण ती चित्राच्या शोभेत व्यत्यय आणते असे मानले जाते.

दायमाबादच्या रथाच्या चित्राखाली ‘लांबी ४५ सेंटिमीटर’ असे लिहिल्याने माहिती मिळते. त्याच चित्रात दहा सेंटिमीटरची पट्टी असेल तर विद्यार्थी स्वतः मोजू शकतो. पट्टी चित्राशी ‘ग्रुप’ करून जोडली की दोन्ही एकत्र लहान-मोठी होतात. मात्र येथे एक खाच आहे. चित्र रुंदीने ताणले गेले, तर आडवी पट्टीही तेवढीच ताणली जाते आणि रुंदीपुरती खरे बोलत राहते. उंचीविषयीची तिची साक्ष खोटी ठरते, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एक आडवी व एक उभी अशा दोन सारख्या पट्ट्या असाव्यात, म्हणजे दोहोंची लांबी पडद्यावर जुळते की नाही हे पाहता येते.

याहून सोपा उपाय दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञांनी शोधला होता. अमेरिकेत आरसीए कंपनीने १९३९ मध्ये तयार केलेल्या चाचणी-चित्रात वर्तुळे होती. बीबीसीच्या १९६७ च्या चाचणी-चित्राच्या मध्यभागीही एक मोठे वर्तुळ होते. वर्तुळ लंबगोल दिसले की रुंदी-उंचीची जुळणी चुकली आहे, हे तंत्रज्ञाला आकडे न पाहता कळे. चौकोन किंचित लांबट झाला तर डोळा फसतो. वर्तुळ चेपले तर तो सहसा फसत नाही. इतिहासाच्या अध्यापकाकडे अशी वर्तुळे आयतीच आहेत : भारहूतच्या कठड्यावरील पदके, अमरावतीची कमळे, शिवराई नाणे. व्याख्यानाच्या पहिल्या स्लाइडवर यांपैकी एक ठेवून, वर्ग भरण्यापूर्वी पडद्याजवळ जाऊन एका सुतळीने त्याचा आडवा व उभा व्यास मोजण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.